आमसुलाची गोळी : भूक चाळवणारे फळ भूक मारण्यासाठी कसे विकले गेले?

#धागा #इतिहास #कोकण

१/ वजन कमी करण्याच्या 'नैसर्गिक' गोळ्यांच्या डब्यांवर एक शब्द हमखास आढळतो : गार्सिनिया. भूक आवरते, गोड खाण्याची ओढ मावळते, चरबी साठत नाही, असे दावे त्याखाली छापलेले असतात. हे लॅटिन नाव धारण करणाऱ्या कुळातील एक झाड आपल्या पूर्ण परिचयाचे आहे. ते म्हणजे कोकम.

२/ श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर घ्या. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते, तिथले हे क्षेत्र 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. श्रीवर्धनच्या भट घराण्याचे, म्हणजेच पुढे पेशवे झालेल्या घराण्याचे, हे कुलदैवत. काळभैरवाचे दर्शन घेऊन, खडकांवरची प्रदक्षिणा आटोपून यात्रेकरू जेवायला बसतो, तेव्हा ताटाशेजारी गुलाबी सोलकढीची वाटी येते.

३/ ती वाटी भूक मारण्यासाठी येत नाही. तोंडाला चव यावी, जड जेवण पचावे, पित्त शमावे म्हणून ती येते. कोकणच्या स्वयंपाकघरात आमसुलाचे काम भूक चाळवण्याचे आहे. मग त्याच कुळातील फळ जगाच्या बाजारात नेमक्या उलट कामासाठी कसे विकले गेले? या धाग्यात तोच प्रवास पाहू.

४/ आधी फळाविषयी. रातांबे उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर पिकतात. फळ फोडून साल वेगळी करतात, मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवतात. या पुटांनी काळे पडलेले साल म्हणजे आमसूल, अर्थात सोल. मीठ घातलेला रस म्हणजे आगळ. बियांतून निघणारे घट्ट तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. गोवा आणि सिंधुदुर्गात हेच फळ 'भिरंड' होते.

५/ 'भिरंड' हा शब्द सोळाव्या शतकातच छापील पुस्तकात पोहोचला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये भारतात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात 'ब्रिंडाव' या फळाची नोंद आहे : आतून लालभडक, चवीला आंबट, रंगाऱ्यांच्या उपयोगाचे, आणि शिरका करण्यासाठी ज्याची साल राखून ठेवतात असे.

६/ इथे एक गैरसमज दूर करू. 'गार्सिनिया' हे नाव गार्सिया द ओर्तावरून आलेले नाही. लिनीअसने अठराव्या शतकात ते लोराँ गार्सँ या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ दिले. नावांतले साम्य केवळ योगायोगाचे आहे.

७/ ओर्ताच्या कितीतरी आधी संस्कृत वैद्यकात 'वृक्षाम्ल' येते. आज बहुतेक वैद्य वृक्षाम्ल म्हणजे कोकम असे मानतात. चरकसंहितेत वृक्षाम्लाची गणना 'हृद्य' द्रव्यांत केली आहे. त्या दहा द्रव्यांत आंबा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग अशी मनाला रुचणारी आंबट फळे आहेत. भूक कमी करणाऱ्या औषधाची ही संगत नव्हे.

८/ मग भूक मारण्याची कल्पना आली कोठून? १९६५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन या संशोधकांनी गार्सिनिया कॅम्बोजिया या फळातील मुख्य आम्ल ओळखले : हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल. हे फळ म्हणजे कोकमाचे दक्षिणी भावंड. केरळात त्याला कुडमपुळी म्हणतात आणि माशाच्या कालवणात घालतात. कोकमाच्या सालीतही हेच आम्ल असते.

९/ त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात वॉटसन आणि लोवेन्स्टाइन यांनी या आम्लाचा एक गुण दाखवला. पिष्टमय पदार्थ जास्त झाले की शरीर त्यांची चरबी बनवते. त्या मार्गावर सायट्रेटचे विभाजन करणारे एक विकर काम करते. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल त्याच विकराला अडवते. १९७० च्या दशकात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत उंदरांना हे आम्ल देण्यात आले. त्यांचे खाणे घटले, वजनही घटले.

१०/ इथवरचे विज्ञान चोख होते. पुढची उडी बाजाराने मारली. उंदीर कमी खातात, तर माणूसही कमी खाईल. फळ भारतीय आणि जुने आहे, तर ते निर्धोकच असेल. 'शतकानुशतकांची परंपरा' हे शब्द डब्यावर चढले. परंपरा खरीच होती, पण ती कालवणाची होती. अर्क काढून, दाटवून, गोळीत भरून दिवसातून तीनदा घेण्याची परंपरा कोकणातही नव्हती आणि केरळातही नव्हती.

११/ १९९८ मध्ये हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत माणसांवर रीतसर चाचणी केली. जाड प्रकृतीची १३५ माणसे, कालावधी १२ आठवडे. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, दुसऱ्याला औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. आहार दोघांचाही आखून दिलेला. वजन दोन्ही गटांचे उतरले : आम्ल घेणाऱ्यांचे सरासरी ३.२ किलो, न घेणाऱ्यांचे ४.१ किलो. संख्याशास्त्राच्या कसोटीवर दोन्ही गटांत फरक नव्हता. आम्लाचा वेगळा गुण दिसलाच नाही.

१२/ तरीही विक्री थांबली नाही. २००९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वजन घटवणाऱ्या एका लोकप्रिय उत्पादनमालिकेविरुद्ध जाहीर इशारा दिला. यकृताला इजा झाल्याच्या २३ तक्रारी आल्या होत्या, त्यांत एक मृत्यू होता. त्या उत्पादनांत अनेक घटक असत आणि काहींत हे आम्लही होते, त्यामुळे सारा दोष एकट्या गार्सिनियावर टाकता येत नाही. पुढे मात्र गार्सिनियाचा अर्क आणि यकृताची इजा यांचा संबंध दाखवणारी स्वतंत्र प्रकरणेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली.

१३/ आता मूळ प्रश्नाकडे वळू. अति भुकेवर आपल्या जुन्या वैद्यकाने खरोखर काही सांगितले आहे काय? सांगितले आहे, आणि ते अत्यंत वाचनीय आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा एकविसावा अध्याय पाहा. अतिस्थूल माणसाच्या आठ दोषांत 'अति भूक' आणि 'अति तहान' हे दोन दोष स्पष्टपणे मोजलेले आहेत.

१४/ तिथले कारण असे : मेदाने शरीरातील मार्ग अडतात, अडलेला वायू कोठ्यात फिरतो आणि जठराग्नीला फुंकर घालतो. अन्न झटकन पचते, पुन्हा भूक लागते. वाऱ्याने चेतवलेला वणवा रानाला जाळतो तशी ही स्थिती आहे, असे ग्रंथकार म्हणतो. यातील शरीरशास्त्र आजचे नाही. पण निरीक्षण मोलाचे आहे : स्थूल माणसाची भूक हा त्याच्या आळसाचा वा हावरटपणाचा पुरावा नाही, तो त्याच्या प्रकृतीतील बिघाडाचाच भाग आहे.

१५/ म्हणूनच चरक उपासमार सांगत नाही. अग्नी प्रबळ असताना लंघन सोसवत नाही आणि पौष्टिक खाऊ घातले तर मेद वाढतो, ही अडचण तो ओळखतो. त्यावर त्याचा तोडगा एका सूत्रात सांगता येतो : पचायला जड, पण पुष्टी न करणारे अन्न. पोट भरलेले राहील, साठा वाढणार नाही.

१६/ त्याची यादी पाहिली तर कोकणी माणूस चमकेल : जव, श्यामाक नावाचे वरीसारखे बारीक धान्य, हरीक, ज्वारी, मूग, कुळीथ, तूर, सोबत पडवळ आणि आवळा, वर मधाचे पाणी. व्यायाम आणि जागरण वाढवायचे तेही क्रमाक्रमाने. यादीत चमत्कारी फळ एकही नाही. कुळथात वजनाच्या सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. प्रथिने आणि चोथा यांनी पोट अधिक वेळ भरल्यासारखे वाटते, हे आजचे आहारशास्त्रही सांगते.

१७/ प्रमाणाचाही विचार आहे. चरक पोटाचे तीन भाग कल्पितो : एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी, एक दोषांच्या हालचालीसाठी मोकळा. वाग्भट चार भाग करतो : दोन अन्नाचे, एक पेयाचे, एक वाऱ्याचा. दोघांच्याही मते तुडुंब भरलेले पोट हा जेवणाचा आदर्श नाही.

१८/ पण इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबले पाहिजे. 'आपले पूर्वज नाचणी-कुळीथ खात, म्हणून सडसडीत होते' हे वाक्य समाजमाध्यमांवर फार सहज फिरते. ती धान्ये कोण खात होते आणि का, हे विचारल्याशिवाय ते वाक्य अर्धवट आहे.

१९/ कोकणात भात पिकतो सखल खाचरांत. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक. भाताचा मोठा हिस्सा खंड म्हणून खोताच्या वा सावकाराच्या घरी जाई, कुळाच्या चुलीवर बहुधा वरकस धान्य शिजे. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे संप केला, तो याच व्यवस्थेविरुद्ध. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेही याचसाठी.

२०/ हरिहरेश्वरचा परिसर १९४८ पर्यंत सिद्दींच्या जंजिरा संस्थानात होता. सत्ताधीश निराळा होता, पण वरकस जमिनीवरच्या माणसाची भाकरी तीच होती. त्याला भूक आवरण्याचे उपाय शोधावे लागत नव्हते, भूक भागवण्याचे शोधावे लागत होते. त्याचा सडसडीतपणा आहारशास्त्राच्या पुस्तकातून आलेला नव्हता.

२१/ उपवासाचेही तसेच. संयमासाठी असलेल्या एकादशीला 'दुप्पट खाशी' ही म्हण उगाच चिकटलेली नाही. शिवाय उपवासाच्या ताटातील बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळानंतर आपल्याकडे रुळलेली. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो टॅपिओकाही तिथलाच. 'प्राचीन' म्हणून जे पुढे येते, त्याचे वय तपासून पाहावे.

२२/ हाच नियम कोकमालाही लावू. बाटलीतले अमृतकोकम म्हणजे रातांब्याच्या साली साखरेत मुरवून केलेला पाक. उन्हातून आलेल्या पाहुण्यासाठी ते उत्तम आहे. पण 'कोकमाने वजन उतरते' असे मनाशी म्हणत त्याचे पेल्यावर पेले रिचवणारा माणूस मुख्यतः साखर पीत असतो.

२३/ सारांश असा. फळ खरे आहे, त्यातले आम्ल खरे आहे, म्हैसूरचे संशोधन खरे आहे आणि उंदरांवरचे प्रयोगही खरे आहेत. या खऱ्या दुव्यांना जोडणारे 'म्हणून माणसाची भूक मरते' हे वाक्य मात्र १९९८ च्या चाचणीत टिकले नाही. त्याच्या पाठीशी उभी केलेली परंपरा तर मुळात अस्तित्वातच नव्हती.

२४/ शरीराविषयी लाज वाटावी असे वातावरण आज भोवती आहे आणि त्या लाजेवरच या गोळ्या खपतात. ज्यांना वजनाची खरी काळजी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. 'नैसर्गिक' या एका शब्दाच्या भरवशावर यकृत पणाला लावू नये. कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी, मुगाची उसळ यांना जाहिरात नाही, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यापासून आजच्या आहारतज्ज्ञापर्यंत अशाच अन्नाची शिफारस होत आली आहे.

२५/ आणि हरिहरेश्वरला गेलात तर सोलकढी अवश्य प्या. चवीसाठी प्या, पचनासाठी प्या. भूक वाढली तर समजा की आमसुलाने आपले जुने काम चोख बजावले.

(धागा समाप्त)