लोकप्रिय वाद्यसंगीत आणि श्रोत्यांची अभिरुची : एक तुलना

शब्दविरहित संगीत केवळ जाणकारांनाच रुचते, हा समज तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) व ब्रिजभूषण काबरा (गिटार) यांनी काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस अहिरभैरव ते पहाडी अशा रागक्रमातून उभा केला. याउलट प्रभाकर जोग (१९३२-२०२१) यांच्या ‘गाणारे व्हायोलिन’मध्ये परिचित गीतांच्याच चाली वाजतात, श्रोता त्यांचे शब्द मनातल्या मनात म्हणत जातो. पहिल्या रचनेत प्रहराचा, तर दुसरीत स्मरणातील शब्दांचा आधार लाभतो. म्हणजेच रागाचे नाव ठाऊक नसलेला श्रोताही अर्थ शोधतच ऐकत असतो. त्याची आवड उथळ ठरवून वगळणारा संगीताचा इतिहास अपुराच राहील.