पिवळ्या दिव्याचं मूळ

बेळगावात अनगोळच्या आमच्या गॅरेजात नवीन गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मिस्त्री, गाडी तर चांगली पळायलीय की ओ, मग हा इंजिनचा लाईट कशाला पेटलाय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र लॉस एंजेलिसपासून सुरू होतं.

तिथे धुरक्याने लोकांचे डोळे चुरचुरायचे. हागेन-स्मित हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ, अननसाच्या वासावर संशोधन करणारे. १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं, की गाड्यांच्या धुरावर ऊन पडून हे विष तयार होतं. मग कायदे आले, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तो नीट चालायचा तर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण काटेकोर हवं; म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसला आणि त्याचं ऐकून पेट्रोल सोडणारा कॉम्प्युटर आला. यातलं काही बिघडलं तर ते कळवणारा दिवा कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलांपासून सक्तीचा केला. १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना एकसारखा सोळा पिनांचा सॉकेट आणि बिघाड सांगणारे एकसारखे कोड आले. म्हणजे हा दिवा मुळात हवेची राखण करायला बसवलेला. गाडी पळत असूनही तो पेटतो, तो यामुळेच.

मी काम शिकलो ते कार्ब्युरेटरवर. तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे उद्यमबागेत फाउंड्र्यांची धग, आणि आमच्या शेडमध्ये अ‍ॅम्बॅसॅडर, पद्मिनी, मारुती ८००. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा थांबेचना तर हेड गॅस्केट. मिसिंग असलं, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नसला, की उस्ताद चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर उपसायचे. जी काढूनही आवाज बदलत नाही, तिचा सिलिंडर मेलेला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते आतलं ऐकायचे. ती विद्या मी आजही मोठी मानतो.

२०००नंतर कार्ब्युरेटर जाऊन कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणाऱ्या एमपीएफआय गाड्या वाढल्या. एप्रिल २०१०मध्ये तेरा शहरांत गाड्यांच्या धुराचं भारत स्टेज ४ हे मानक लागू झालं आणि त्याबरोबर गाडीने स्वतःची तपासणी करण्याची सक्तीही आली. त्या यादीत पुणे होतं, बंगळूर होतं, सोलापूरही होतं. पुणे-बंगळूर हमरस्त्यावरचं आमचं बेळगाव नव्हतं! देशभर स्टेज ४ यायला २०१७ उजाडलं. पण रस्ता एकच असल्यावर गाड्या काय यादी बघून येतात? निपाणीकडून, धारवाडकडून त्या येतच होत्या, आणि कोड वाचणारा स्कॅनर घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

स्कॅनर आला आणि एक नवी खोड लागली : कोड वाचायचा आणि त्यात नाव येईल तो पार्ट बदलायचा. पी०१७१ घ्या. अर्थ एवढाच, की हवा जास्त, पेट्रोल कमी. एका गाडीला या कोडवरून कुठेतरी नवा ऑक्सिजन सेन्सर बसवून दिला होता. दिवा परत पेटला. मी बॉनेट उघडून कान दिला, तर इनटेकच्या मागे बारीक फुसफुस. रबरी नळीला खालच्या अंगाने चीर. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता! नळी बदलली, काम झालं.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश घरी या, एक-दोन दिवसांत दाखवा. पण चोर्ला घाट चढताना तो लुकलुकू लागला, तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, जागा बघून बाजूला घ्या. तेव्हा बहुधा मिसिंग चालू असतं, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. तो खर्च मोठा असतो. ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र लुकलुकण्याची वाट बघू नका, इंजिन लगेच बंद करा.

आणि बॅटरीची वायर काढून दिवा घालवून गाडी आमच्याकडे आणू नका. कोड जातो, आणि बिघाड झाला त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलं होतं, ही नोंदही त्याच्याबरोबर पुसली जाते. मला पहिल्यांदा तीच बघायची असते.