बोरूचें वळण आणि एकजाड अक्षर

नागरी अक्षराचें वळण बोरूनें घडविलें. बोरूचें टोंक तिरपें छाटलेलें असल्यामुळें रेघ एका दिशेस जाड, तर दुसरीस बारीक उतरते. देवपुरांतून पांझरा ओलांडून धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत जावें; तेथील पोथ्यांत ही जाडीबारकी डोळ्यांस दिसते. 1869 मध्यें जावजी दादाजींनीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या खिळ्यांनीं तेंच वळण शिशांत आणलें.

इंग्लंडांत 1916 मध्यें एडवर्ड जॉन्स्टन यांनीं लंडनच्या भुयारी रेल्वेसाठीं निराळें अक्षर आंखलें. रेघ एकसारख्या जाडीची, टोंकांस सेरिफ नांवाचे बारीक फांटे नाहींत. प्रमाणें मात्र प्राचीन रोमन शिलालेखांचीं. अशा अक्षरास ह्यूमनिस्ट सॅन्स सेरिफ म्हणतात.

मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचें 'मुक्ता' हें याच जातीचें. नागरी व रोमन दोन्ही एकजाड रेघेचीं, सात वजनांत, खुल्या परवान्यानें सर्वांस विनामूल्य. दुकानाच्या पाटीवर अथवा फोनच्या लहानशा पडद्यावर बारीक रेघ हरवते. तेथें हें अक्षर टिकतें.

मग बोरूचा वारसा बुडाला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. वळण म्हणजे केवळ जाडीबारकी नव्हे. गांठ कोठें वळावी, काना किती अंतरावर उभा राहावा, पोटांत किती मोकळीक असावी, हें हातानेंच ठरविलें आहे. हें भान सुटलें तर मात्र एकजाड अक्षर निर्जीव होईल. म्हणून घरोघरीं मुलांनीं अक्षर गिरविणें सोडूं नये. उद्याच्या मुद्राक्षराचें बीज त्यांतच आहे.