टाळेबंदी आणि थांबण्याचे बळ

चिखलदऱ्याचा घाट उतरून परतवाड्यास आलो की अचलपूरची फिनले मिल जवळच लागते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत ही सरकारी मिल थांबली आणि निर्बंध उठल्यावरही ती सुरू व्हावी म्हणून कामगारांना आंदोलने करावी लागली. 'टाळेबंदी' हा शब्द त्या वर्षी घरोघर पोचला. परंतु त्याआधी कित्येक वर्षे तो कारखान्याच्या फाटकावरचा शब्द होता आणि तेथे त्याचा अर्थ निराळा होता. त्या अर्थाचा आज आपण विचार करू.

कामगारांनी मागणीसाठी काम थांबवले तर तो संप. मालकाने आपल्या अटी मान्य व्हाव्यात म्हणून कामगारांना बाहेर ठेवले तर ती टाळेबंदी. कारखाना कायमचा मिटवणे ही तिसरी गोष्ट. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने न्यायाधिकरणापुढे वाद चालू असता संप आणि टाळेबंदी या दोन्हींस मनाई केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने दोन्ही पक्षांवर १४ दिवसांच्या नोटिशीचे बंधन घातले. कायद्याची पारडी अशी समान झाली. पण मालकाजवळ शिलकी माल असतो, बँकेत पत असते; कामगाराजवळ असते ती वाण्याची उधारी. लढा ठरतो तो थांबण्याच्या बळावर.

१९१३ साली डब्लिन शहरात मालकांनी कामगारांपुढे कागद ठेवला: संघटना सोडल्याची सही करा, नाहीतर बाहेर राहा. सुमारे २०,००० कामगार बाहेर राहिले. इंग्लंडातील कामगारसंघांनी जहाजाने अन्न धाडले, तोवर त्यांनी दम धरला. मदत आटली आणि १९१४ च्या आरंभी बहुतेकांना परतावे लागले.

आपल्या मुंबईत, शिवडीच्या हिंदुस्थान लिव्हर कारखान्यात, १९८८-८९ मध्ये सुमारे वर्षभर टाळेबंदी होती. तेथील कामगारांनी स्वतः कपडे धुण्याची पावडर तयार करून विकली, आणि तिचे नाव ठेवले 'लॉकआउट'! मालकाने काम काढून घेतले, तरी हातातले कसब काढून घेता आले नाही.

म्हणून टाळेबंदी ही केवळ मालक आणि कामगार यांची बाब नव्हे. वाणी उधारी कुठवर देतो, घरमालक भाड्यासाठी किती थांबतो, शाळा फीसाठी पोराचे नाव काढते की ठेवते, यांवरही फाटकापाशी काय घडेल ते ठरते. आपण सारे गावकरी त्या वादात नकळत एक पक्ष असतो. तो कोणता, हे टाळे लागण्यापूर्वीच ठरवलेले बरे.