चहागृहे ते कॉफीगृहे : क्योटोच्या बैठकीचा इतिहास

इ.स. 794 मध्ये जपानची राजधानी म्हणून वसवले गेलेले आणि 1869 मध्ये सम्राट टोकियोला गेल्यावर तो मान गमावून बसलेले क्योटो हे शहर मंदिरांसाठी आणि बागांसाठी जगभर ओळखले जाते; परंतु त्याच्या नागरी जीवनाचा इतिहास देवळांच्या आवारात जितका घडला, तितकाच तो कामो नदीच्या काठावर, चहाच्या दुकानांत आणि पुढे कॉफीगृहांत घडला. पेय हे या जागांचे निमित्त होते आणि बैठक हे त्यांचे प्रयोजन. त्या बैठकीचे दार कोणासाठी उघडे असावे आणि कोणासाठी नसावे, हा प्रश्न मात्र या इतिहासात शतकानुशतके पुन्हा पुन्हा उभा राहिला.

सतराव्या शतकाच्या आरंभी नदीच्या पूर्वेकडील गिओन देवस्थानाच्या वाटेवर, दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंना चहा पाजणारी साधी दुकाने होती. त्यांना ‘मिझुजाया’ म्हणत. त्याच सुमारास, 1603 मध्ये, ओकुनी नावाच्या नर्तकीने क्योटोत सादर केलेल्या नृत्यनाट्यातून काबुकी ही रंगभूमी जन्मली. स्त्रियांनी काबुकीत काम करण्यावर शोगुन या लष्करी शासकांच्या राजवटीने 1629 मध्ये बंदी घातली, तरी नाटकाचा ओघ आटला नाही. शिजो रस्ता जेथे नदीला भिडतो तेथे परवानाधारक नाट्यगृहांची रांग उभी राहिली आणि त्यांपैकी एकटे मिनामिझा आज, 1929 च्या इमारतीत, तग धरून आहे. एका बाजूला देवस्थान आणि दुसऱ्या बाजूला रंगभूमी अशा या पट्ट्यात चहाबरोबर खाद्यपदार्थ आणि साके हे तांदळाचे मद्य मिळू लागले, चहा आणून देणाऱ्या मुली गाऊ-नाचू लागल्या, शामिसेन हे तीन तारांचे वाद्य वाजवू लागल्या, आणि त्यांच्यातूनच ‘गेइको’ हा व्यावसायिक कलावतींचा वर्ग तयार झाला. क्योटोत गेशाला गेइको म्हणतात आणि शिकाऊ मुलीला माइको. त्यांच्या कलेची मैफल जेथे जमते, ते घर म्हणजे ‘ओचाया’.

ओचायाचा कारभार समजून घेतल्याशिवाय क्योटोच्या रात्रीचे स्वरूप कळत नाही. या घरात सहसा स्वतःचा मुदपाकखाना नसतो. जेवण ‘शिदाशी’ म्हणजे घरपोच पदार्थ पुरवणाऱ्या दुकानातून मागवले जाते, कलावतींना त्यांच्या निवासगृहातून बोलावले जाते, आणि हा सारा खर्च घराची मालकीण आधी स्वतः उचलून मागाहून पाहुण्याकडे बिल पाठवते. अशा व्यवहारात अनोळखी माणूस म्हणजे बुडीत उधारीची शक्यता. म्हणून जुन्या गिऱ्हाइकाने ओळख करून दिल्याशिवाय नव्या माणसाला प्रवेश नाही, हा नियम रुजला. त्याला केवळ धनिकांचा तोरा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण त्याच्या मुळाशी पत आहे. मात्र या व्यवस्थेची काळी बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. आईबापांनी घेतलेल्या उचलीपोटी लहान मुली अशा घरांशी वर्षानुवर्षे बांधल्या जात. 1872 च्या सरकारी हुकुमाने त्यांची मुक्तता जाहीर केली, पण कर्जाचे करार निराळ्या नावांनी चालूच राहिले. शहराच्या पश्चिम कडेला 1641 च्या सुमारास हलवलेली शिमाबारा ही परवानाधारक वस्ती तर वेश्याव्यवसायासाठीच आखलेली होती, आणि त्या व्यवसायाची कायदेशीर मान्यता 1958 पर्यंत पूर्णपणे संपली नाही. तेथील सुमिया हे भव्य मेजवानीगृह आज संग्रहालय आहे. त्याचे सौंदर्य पाहताना ते कोणाच्या आयुष्यावर उभे होते, याचा विसर पडू नये.

1864 च्या सत्तासंघर्षातील आगीत शहराचा मोठा भाग जळाला होता; पाच वर्षांत दरबारही गेला, आणि त्याच्यावर जगणारे कारागीर व व्यापारी निराधार झाले. या पडझडीतून सावरण्यासाठी क्योटोने जे उपाय योजले, त्यांत करमणूक अग्रभागी होती. शहरात भरलेल्या 1872 च्या प्रदर्शनासाठी प्रशासक माकिमुरा मासानाओ आणि इचिरिकी या प्रसिद्ध ओचायाचे मालक सुगिउरा जिरोएमोन यांनी ‘मियाको ओदोरी’ हा सामूहिक नृत्यप्रयोग घडवून आणला. नृत्याची रचना तिसऱ्या इनोउए याचियो यांची होती. तोवर बंद खोलीत मूठभर पाहुण्यांसमोर होणारी कला आता तिकीट काढणाऱ्या कोणाही माणसाला पाहता येऊ लागली. हा प्रयोग, युद्धकाळासारखे खंड वगळता, दर एप्रिलमध्ये होत आला आहे. पुढे 1890 मध्ये बिवा सरोवराचा कालवा पूर्ण झाला, 1891 मध्ये त्याच्या पाण्यावर केआगे येथे वीज निर्माण होऊ लागली आणि 1895 मध्ये रस्त्यांवर विजेची ट्राम धावली. दरबार गेलेल्या शहराने अशी नवी रात्र स्वतःच्या हिमतीवर उजळवली.

नदीकाठची बैठक त्यामानाने अधिक मोकळी होती. उन्हाळ्यात कामोच्या उथळ पात्रात लाकडी बाकडी आणि मचाणे मांडून, पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात खाण्यापिण्याची प्रथा जुनी आहे. 1935 च्या महापुरानंतर पात्र खोल करण्यात आले आणि मचाणे पश्चिम काठालगतच्या छोट्या प्रवाहावर येऊन स्थिरावली. पोंतोचो या अरुंद गल्लीतील खानावळी आजही मे महिन्यापासून ती उभारतात.

विसाव्या शतकात मात्र बैठकीचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते ‘किस्सातेन’ने, म्हणजे मद्य आणि सोबतिणी यांना फाटा देऊन केवळ कॉफी, चहा व किरकोळ खाणे देणाऱ्या कॉफीगृहाने. येथे ओळखीची गरज नव्हती. एका पेल्याच्या किमतीत दुपार काढता येत होती. पॅरिसमध्ये पाव भाजण्याची विद्या शिकून आलेल्या त्सुझुकी हितोशी यांनी 1930 मध्ये क्योटो विद्यापीठाच्या उत्तर दरवाजासमोर शिनशिनदो सुरू केले. तेथील ओकची लांब, जाड मेजे कुरोदा तात्सुआकी या तरुण कारागिराने घडवली, ज्याला पुढे लाकूडकामासाठी ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान लाभला. अनोळखी विद्यार्थी आणि प्राध्यापक एकाच मेजाशी शेजारी बसून वाचतात, हीच त्या मेजांची थोरवी आहे.

1934 मध्ये तातेनो शोइची यांनी सुरू केलेल्या फ्रान्सुआ या कॉफीगृहाचा इतिहास याहून तेजस्वी आहे. शेतकऱ्यांची चित्रे काढणाऱ्या फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्सुआ मिलेच्या नावावरून या जागेचे नाव ठेवले होते, आणि लष्करशाहीचा वेढा आवळत असताना ‘दोयोबी’ म्हणजे ‘शनिवार’ हे फॅसिझमविरोधी पत्र येथे वाचायला मिळे. 1937 मध्ये ते पत्र दडपले गेले आणि संपादकांबरोबर तातेनो यांनाही अटक झाली. युद्धकाळात परदेशी नावही बदलावे लागले. तरीही 1941 मध्ये जहाजाच्या दालनासारखी रचना असलेला, घुमटाकार छताचा अंतर्भाग येथे सजला, आणि 2003 मध्ये या इमारतीची राष्ट्रीय सांस्कृतिक संपत्ती म्हणून नोंद झाली. कॉफीगृह हे मतस्वातंत्र्याचे आश्रयस्थान होऊ शकते, याचा इतका ठोस पुरावा क्योटोत दुसरा नाही.

युद्धानंतर हा प्रवाह फुटून अनेक वाटांनी वाहिला. इनोदा कॉफीत दूध-साखर आधीच घातलेली कॉफी मिळे, कारण गप्पांत रंगलेल्या गिऱ्हाइकांची कॉफी निवून साखर विरघळत नसे, असे सांगतात. 1956 पासून शिआंकुलेरूसारख्या ठिकाणी जॅझच्या तबकड्या ऐकायला तरुण जमू लागले, आणि 1974 मध्ये साकेच्या जुन्या कोठारात ताकुताकू हे संगीतगृह सुरू झाले. 2007 मध्ये महापालिकेने छपरांवरील जाहिरातफलकांवर आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांवर शहरभर बंदी घातली. त्यामुळे क्योटोच्या रात्रीला आजही टोकियो-ओसाकाचा झगमगाट नाही, आणि हा निर्णय योग्यच होता.

देवस्थानाभोवतीच्या गिओन या ओचायांच्या वस्तीत माइकोंचा पाठलाग करून छायाचित्रे काढणाऱ्या पर्यटकांमुळे 2024 मध्ये तेथील खाजगी गल्ल्यांत बाहेरच्यांना मज्जाव करावा लागला. क्योटोला जाणाऱ्या वाचकाने त्या बंद दारांशी घुटमळू नये. मियाको ओदोरीचे तिकीट काढावे, शिनशिनदोच्या मेजाशी बसावे आणि फ्रान्सुआत एक पेला कॉफी घ्यावी, कारण ही दारे सर्वांसाठी उघडी आहेत.