चार सिलिंडरची गाडी आणि तिचे कारीगर

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात हेन्री फोर्ड एखाद्या ओळीत येतात. मोटार स्वस्त केली, सरकत्या पट्ट्यावर गाड्या जुळविण्याची पद्धत आणली, एवढे सांगून पुस्तक पुढच्या धड्याकडे वळते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत ही ओळ वर्षानुवर्षे शिकवीत आलो. एकदा आठवीतल्या एका मुलाने उठून विचारले, "सर, मग त्या गाड्यांचे पुढे काय झाले?" मुलगा सकाळी शाळेत आणि संध्याकाळी चाचाच्या गॅरेजमध्ये. आमच्यापाशी उत्तर नव्हते. बी.एड. करताना पाठ-टाचण कसे काढावे हे आम्हाला शिकविले गेले. पाठ संपल्यावर वस्तूचे काय होते, हे कोणी शिकविले नाही. म्हणून शोधू लागलो, आणि शोधता शोधता एक दुसराच इतिहास हाती लागला.

फोर्डचे 'मॉडेल टी' 1908 साली निघाले आणि 1927 साली बंद झाले. दरम्यान दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या. 1925 मध्ये तिचा सर्वांत स्वस्त नमुना 260 डॉलरला मिळत असे. इंजिन चार सिलिंडरचे, 2.9 लिटरचे, शक्ती अवघी 20 अश्वशक्ती. तेलाचा पंप नाही. फिरत्या चाकाने उडविलेल्या तेलावर बेअरिंगांची तहान भागायची. पेट्रोलही पंपाने नव्हे, टाकीतून उताराने इंजिनात यायचे. टाकीत पेट्रोल कमी असले आणि समोर चढ आला तर लोक गाडी उलटी फिरवून, रिव्हर्समध्ये चढ चढत. वाचकांना ही थट्टा वाटेल, पण ती त्या काळची रोजची गोष्ट होती.

या गाड्या घडविणारे कोण होते, हेही सांगायला हवे. डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात जगभरातून आलेले मजूर होते. पोलंडचे, इटलीचे, तसेच सीरिया-लेबनॉनच्या बाजूने आलेले अरब. 1921 साली त्याच हायलंड पार्कमध्ये एक मशीद उभी राहिली. अमेरिकेत मुद्दाम मशीद म्हणून बांधलेल्या अगदी पहिल्या इमारतींपैकी ती एक. पण काही वर्षांतच ती बंदही पडली. 1914 पासून कंपनीने मजुरांसाठी इंग्रजीची शाळा चालविली. तिच्या पदवीदान समारंभात मंचावर एक प्रचंड कढई मांडीत. मजूर आपापल्या मुलखाच्या पोशाखात तिच्यात उतरत आणि दुसऱ्या बाजूने कोट-पाटलून घालून, हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन बाहेर येत. भाषा शिकविणे हाच ज्यांचा पेशा आहे त्या आम्हाला या कढईचे वर्णन वाचून बराच वेळ पुढे वाचवले नाही. फोर्डला माणूसही गाडीसारखाच हवा होता, एकसारखा.

पण गाडी एकसारखी राहिली नाही. ती लोकांनी राहू दिली नाही, आणि आमचा खरा विषय इथेच सुरू होतो.

मॉडेल टी च्या इंजिनाचे हेड बोल्ट काढून वेगळे करता येई. दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून ठेवलेली ही सोय मिस्त्री लोकांना दरवाजा सापडावा तशी सापडली. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असत. वायूला आत येताना आणि बाहेर पडताना वळसे घ्यावे लागत, दम कोंडल्यासारखा होई. लहान लहान कारखान्यांनी वरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेली नवी हेडे ओतली. जुने काढा, हे बसवा. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी जो यागर्सबर्गर यांनी असे हेड काढले. ते स्वतः शर्यतीत गाडी चालवीत. 1911 च्या अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. गावाच्या नावातली दोन अक्षरे आणि आपल्या नावातली दोन जोडून त्यांनी हेडला 'राजो' हे नाव दिले. मराठी कानाला हे नाव किती ओळखीचे वाटते!

त्याहून नवल लुई शेव्हरोले यांचे. त्यांच्या नावाची कंपनी 1911 साली निघाली. भागीदाराशी पटले नाही आणि दोन-एक वर्षांत ते बाहेर पडले. नाव मात्र कंपनीकडेच राहिले. पुढे भावांबरोबर इंडियानापोलिसला त्यांनी 'फ्राँटेनॅक' नावाची हेडे बनविली. ती कोणत्या गाडीसाठी? तर फोर्डसाठी! असे हेड बसविलेली एक फोर्ड 1923 साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरली आणि कोरम या चालकाने तिला पाचव्या क्रमांकावर आणले. शेतावर भाजी वाहणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा हा पराक्रम. ज्या माणसाचे नाव लाखो गाड्यांच्या कपाळावर होते, तो दुसऱ्याच्या गाडीचे हेड ओतून पोट भरत होता. 1941 साली ते वारले.

डिसेंबर 1927 मध्ये फोर्डचे 'मॉडेल ए' आले. तेही चार सिलिंडरचेच, पण 3.3 लिटरचे आणि 40 अश्वशक्तीचे. 1932 साली फोर्डने स्वस्तात आठ सिलिंडर दिले आणि चार सिलिंडर एका दिवसात म्हातारे झाले. जे म्हातारे झाले ते भंगारात आले, आणि भंगारात आले ते गरीब पोरांच्या हाती लागले. कॅलिफोर्नियात पोरे मडगार्ड काढून, काचा उतरवून, दाब वाढविणारे हेड लावून या गाड्या म्युरॉकच्या सुकलेल्या तळ्यावर नेत. मैलोन्‌मैल सपाट माती, समोर आडवे येणारे कोणी नाही. एड विन्फिल्ड यांचे कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्ट, जॉर्ज रायली यांची हेडे ही त्या पोरांची दौलत. 1937 साली त्यांच्या क्लबांनी संघटना बांधली, नियम केले, वेळ मोजण्याची व्यवस्था केली. 'हॉट रॉड' हा शब्द रूढ झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. काम आधीचे, नाव मागाहूनचे. युद्धात म्युरॉक लष्कराने घेतले आणि हजारो जुन्या गाड्या पोलादासाठी भट्टीत गेल्या.

उरल्या त्यांचे दोन वारसदार झाले. एक मूळ रूपात परत नेणारे. मॉडेल ए च्या क्लबांनी कोणत्या महिन्यातल्या गाडीला कोणता स्क्रू, कोणता रंग, इथवर लिहून ठेवले आहे. त्यावर गुण देतात. दुसरे म्हणतात, गाडी पळविण्यासाठी असते. क्रँकला वजने जोडा, बेअरिंगला दाबाने तेल द्या. दोघांचे फारसे पटत नाही.

आमचे मामू फिटर होते. व्हाइट मेटलचे बेअरिंग ओतून झाले की शाफ्टला निळा रंग लावून ते एकदा फिरवीत, जिथे निळे उमटे तिथे पत्तीने हलके खरवडीत, पुन्हा फिरवीत. दिवस दिवस जाई. या जुन्या इंजिनांची बेअरिंगे अशाच धातूची असत. हे काम जाणणारा हात गेला की मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्याची गाडीही उभी राहते आणि पळविणाऱ्याचीही. तेव्हा दोघांचे भांडण आम्हाला सख्ख्या भावांचे वाटते. तरी कौल द्यायचाच तर आमचा कल दुसऱ्यांकडे आहे. जुन्या किताबाच्या हाशियावर एखाद्या उस्तादाने टीप लिहिली असेल, तर ती खोडून पान कोरे करणाऱ्याला आपण किताबाचा राखणदार म्हणत नाही. 1924 साली बसविलेले राजो हेड काढून कारखान्याचे हेड बसविणे हे आम्हाला त्याच जातीचे वाटते.

आपला या कथेशी संबंध अगदीच नाही असे नाही. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. त्या वर्षीची शेव्हरोले 'नॅशनल' ही चार सिलिंडरची शेवटची. 1929 पासून ती सहा सिलिंडरची झाली. म्हणजे चार सिलिंडरचा जमाना तिकडे मावळत होता तेव्हा इकडे शिवडीच्या कामगारांच्या हाती तो नुकता येत होता. 1954 साली कंपनी निघून गेली.

त्या मुलाला हे सारे सांगितले. क्रँक तुटली तर काय करतात, असे त्याने विचारले. आता नवी घडवून घेतात, आम्ही म्हणालो. हेड जुने, क्रँक नवी, बेअरिंग कोणी तरी ओतलेले.

"मग सर," तो म्हणाला, "ती गाडी कोणत्या सालची लिहायची?"