बत्तीवरची नोकरी

गुहागरहून अंजनवेलला येणारे बहुतेक जण गोपाळगड बघतात आणि परत फिरतात. थोडं पुढे टाळकेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच्याजवळ दीपगृह. शाळेत असताना मला मोठेपणी तिथेच नोकरी करायची होती. रात्री दिवा लावायचा, दिवसा पुस्तकं वाचायची, वादळ आलं की थरार आणि नसलं की सवड. शिवाय पगार सरकारी!

आता मी 27 वर्षांची आहे. पुण्यातली नोकरी सोडून घरी आलेय. आई रोज विचारते, "अगं, पण पुढे काय?" उत्तर नव्हतं, म्हणून मी त्या जुन्या स्वप्नाचा इतिहास वाचायला घेतला.

पहिलाच धक्का म्हणजे त्या नोकरीत सवड फारशी नव्हतीच. 1823 मध्ये फ्रान्सच्या कॉर्दुआं दीपगृहावर ऑगस्टीन फ्रेनेलचं भिंग बसलं आणि तेलाच्या दिव्याचा उजेड खूप लांब जायला लागला. पण फिरणारं भिंग चालायचं घड्याळासारख्या यंत्रावर. त्याचं जड वजन दर काही तासांनी हाताने वर चढवावं लागे, रात्रभर. वात कापायची, काजळी पुसायची. दिवस उजाडला की पडदे ओढायचे, कारण तेच भिंग ऊन एकवटून आग लावू शकतं. झोप मिळेल तेव्हा.

आणि थरार? 1801 च्या सुमारास वेल्सजवळच्या स्मॉल्स दीपगृहावर दोनच रखवालदार होते, आणि दोघांचं पटत नसे. त्यातला एक मेला. प्रेत समुद्रात ढकललं तर खुनाचा आळ येईल, म्हणून दुसरा ते सांभाळत बसला. खराब हवेमुळे कित्येक आठवडे बोटच पोहोचेना. दिवा मात्र त्याने रोज लावला. त्यानंतर ब्रिटिश दीपगृहांवर दोनाऐवजी तिघं ठेवायची पद्धत पडली.

तरीही 3 ऑक्टोबर 1933 ला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये आइन्स्टाइनने हीच नोकरी सुचवली. जर्मनीतून परागंदा झालेल्या विद्वानांसाठी ती सभा होती. तरुण संशोधकांना दीपगृहावर ठेवलं तर त्यांना निवांत विचार करता येईल, अशी त्याची कल्पना. बोलताना त्याच्या मनात बहुधा बर्नचं पेटंट ऑफिस असावं. 1902 ते 1909 तो तिथे होता आणि 1905 चे ते प्रसिद्ध लेख त्याने ती नोकरी करतानाच लिहिले.

पण मला वाटतं, इथे महाराज थोडे चुकले. पेटंट ऑफिस म्हणजे एकांत नव्हे. आठवड्याचे सहा दिवस काम, आणि संध्याकाळी हाबिष्ट नि सोलोविन या मित्रांबरोबर वाचन आणि कडाक्याचे वाद. दीपगृहावर वाद कोणाशी घालणार?

खरं उदाहरण मला आमच्या खाडीपलीकडे सापडलं. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलं की पुढे दापोली तालुक्यातलं मुरुड. शंकर बाळकृष्ण दीक्षित 1853 मध्ये तिथे जन्मले. पोटापाण्यासाठी आयुष्यभर शिक्षकी केली. वर्ग, तपासायच्या वह्या, बदल्या. आणि उरलेल्या वेळात पंचांगं, ग्रहगणित, जुने ग्रंथ. 1896 मध्ये त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ आला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर लिहिलेलं भारतीय कालगणनेवरचं पुस्तकही. दोनच वर्षांनी, 1898 मध्ये ते गेले. पंचेचाळिशीही धड गाठली नाही. म्हणजे हा हिशेब फुकटात जुळला असंही म्हणवत नाही. पण मास्तरांचा थरार पगाराच्या जागी नव्हता, रात्रीच्या गणितात होता, आणि सवड त्यांना कोणी दिली नव्हती.

मी काल पुन्हा टाळकेश्वराला गेले. वातीचे दिवस केव्हाच संपलेत, आता सगळं विजेवर. घरी आल्यावर आईला सांगितलं, जवळच्या शाळेत शिकवायची जागा आहे, अर्ज करतेय.

"आणि बाकीचा वेळ?" तिने विचारलं.

मी टेबलावरची वह्या-पुस्तकं दाखवली. ती म्हणाली, "आधी जेवून घे."